दृष्टिहीनांसाठी ध्वनिपुस्तक-यंत्राची निवड

दृष्टिहीन व्यक्तीसाठी ध्वनिपुस्तके ऐकण्याचे यंत्र खरेदी करताना दुकानात बहुधा प्रथम आवाजाची चाचणी घेतली जाते. वास्तविक पहिली चाचणी वेगळी असावयास हवी. डोळे मिटून यंत्र हाती घ्यावे, ते सुरू करावे, पुस्तक उघडावे आणि त्याच्या तिसऱ्या प्रकरणावर जावे. कोणाच्याही मदतीविना हे साधत नसेल, तर आवाज कितीही सुस्पष्ट असला तरी ते यंत्र निरुपयोगीच होय. गाणी ऐकण्यासाठी तयार झालेली स्वस्त एमपी-थ्री यंत्रे बहुतेक येथेच अनुत्तीर्ण ठरतात, कारण त्यांतील पुस्तकांची सूची पडद्यावर दिसते; ती ऐकू येत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशभरात दृष्टिविषयक अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. उतारवयात मधुमेह किंवा काचबिंदूमुळे दृष्टी गमावलेल्यांना ब्रेल लिपी नव्याने आत्मसात करणे कठीण जाते. त्यांचे वाचन पुढे चालू राहते ते प्रामुख्याने कानांच्या आधारे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर परीक्षेची तयारीच त्यावर अवलंबून असते.

या क्षेत्रात ‘डेझी’ हे नाव वारंवार कानी पडते. पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणासाठी आखलेली ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती असून तिचा प्रसार करणारा ‘डेझी कन्सोर्टियम’ हा संस्थांचा संघ १९९६ मध्ये स्थापन झाला. डेझी पुस्तकात ध्वनिमुद्रणासोबत अनुक्रमणिकेची एक स्वतंत्र फाइल असते. भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा सहा स्तरांपर्यंतची शीर्षके आणि पृष्ठक्रमांक तीत ध्वनीशी जोडलेले असतात. शिक्षकांनी ‘पृष्ठ ८४ उघडा’ असे सांगताच विद्यार्थी तो आकडा दाबून नेमक्या पृष्ठावर पोहोचतो. साध्या ध्वनिफाइलमध्ये त्यासाठी पुढे-मागे चाचपडत बसावे लागते. मात्र यंत्रावर अंकांच्या कळा नसतील, तर या सोयीचा पुरेसा लाभ मिळत नाही. म्हणून विद्यार्थ्यासाठी यंत्र घेताना अंकफलक, खुणा ठेवण्याची सोय आणि आवाजाची पट्टी न बदलता वाचनाचा वेग वाढविण्याची सोय आवर्जून पाहावी.

ज्येष्ठ वाचकांची गरज निराळी असते. त्यांना मोजक्या, मोठ्या व स्पर्शाने ओळखता येणाऱ्या कळा हव्यात. बंद केल्यावर यंत्राने वाचनाची जागा लक्षात ठेवावी आणि ठरावीक वेळाने ते आपोआप बंद व्हावे. ऐकता ऐकता झोप लागणे हा काही केवळ दृष्टिहीनांचाच अनुभव नव्हे!

साठवण-क्षमतेची चिंता मात्र अनाठायी आहे. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने केलेले एका तासाचे वाचन सुमारे २९ मेगाबाइट जागा व्यापते. या हिशेबाने वीस तासांचे पुस्तक ६०० मेगाबाइटच्या आत मावते आणि ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अशी पन्नास पुस्तके सहज राहतात.

मराठी वाचकांच्या दृष्टीने खरा प्रश्न यंत्राच्या स्वतःच्या वाणीचा आहे. माणसाने वाचून मुद्रित केलेले मराठी पुस्तक कोणत्याही डेझी यंत्रावर ऐकता येते. परंतु मजकुराच्या रूपातील पुस्तक यंत्रानेच वाचून दाखवायचे असेल, तर त्यात मराठी वाणी असणे आवश्यक ठरते. केवळ इंग्रजी वाणी असलेल्या यंत्राला देवनागरी मजकूर वाचता येत नाही. यासाठी दुकानात जाताना जोडाक्षरे व आकडे असलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये सोबत न्यावा आणि तो यंत्राकडून वाचून घ्यावा. विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा ही पाच मिनिटे अधिक मोलाची.

पुस्तके कोठून मिळणार, याचाही विचार खरेदीपूर्वीच व्हावा. २०१२ मध्ये स्वामित्व हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुगम स्वरूपात प्रती तयार करण्याची मुभा मिळाली. याच उद्देशाच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता. त्यानंतर २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. व्यावसायिक सेवांची ध्वनिपुस्तके मात्र बहुधा त्या त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच चालतात. ती वेगळ्या यंत्रावर उतरवून घेता येत नाहीत.

स्मार्टफोन असताना वेगळे यंत्र कशाला, ही शंका रास्त आहे. अँड्रॉइडवरील ‘टॉकबॅक’ व आयफोनवरील ‘व्हॉइसओव्हर’ पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितात आणि आयफोनमध्ये २०२२ पासून मराठी वाणीही आली आहे. ज्यांचा हात स्पर्शपडद्यावर बसला आहे, त्यांना फोन पुरेसा आहे. सपाट काचेवर बोटांना खूण सापडत नाही अशी ज्यांची अडचण असते, त्यांनी स्वतंत्र यंत्रच घ्यावे.

केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या, उत्पन्न-मर्यादेत बसणाऱ्या व्यक्तींना सहायक साधने मिळतात. जिल्हा अपंग पुनर्वसन केंद्रात याची चौकशी करून मगच स्वतःचे पैसे खर्च करावेत. स्वतः खरेदी केल्यास बॅटरी बदलता येते का आणि दुरुस्ती भारतात होते का, हे पावती घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.