बिनकामाचा फेरफटका

'काखेत कळसा आणि गावाला वळसा' अशी म्हण आहे. राहत्या पेठेच्या बाबतीत आपण तसेच वागतो. जत्रेला गेलो की तिथल्या देवळाची कमान डोळे भरून पाहतो. पण रोजच्या बोळाच्या तोंडाशी कोणते देऊळ आहे आणि त्यावर काय लिहिले आहे, असे कोणी विचारले तर आपण गप्प!

असे का होते? कामाला निघालेल्या माणसाचे डोळे कामावर असतात. पाय ठरलेल्या वाटेने आपोआप चालतात. सकाळी कामावर पोचायचे, संध्याकाळी भाजी घेऊन परतायचे. डोळे उघडे असतात, पण ते पाहत नाहीत.

यावर एक सोपा उपाय आहे. आठवड्यातून एकदा बिनकामाचे फिरायला निघावे. हातात पिशवी नको, कोणाला भेटायचे नको, घाई तर नकोच. रोज डावीकडे वळत असाल तर आज उजवीकडे वळा. सावकाश चाला. आणि मुख्य म्हणजे वाचत चाला. आता तुम्हांला अक्षरे येतात. काल ज्या पाट्या नुसत्या रंगीत फळ्या होत्या, त्या आज तुमच्याशी बोलतील.

पुणे शहराचे उदाहरण घेऊ. तिथे सातही वारांच्या नावांच्या पेठा आहेत. काही पेठांना माणसांची नावे आहेत. सदाशिव पेठ हे नाव सदाशिवरावभाऊंचे. ते 1761 साली पानिपतच्या रणात पडले. नाना पेठ नाना फडणीसांच्या नावाची. तांबट आळी, बुरूड आळी ही नावे तिथल्या कारागिरांवरून पडली. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा आणि बुरूड म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणणारा. तपकीर गल्लीत आज विजेचे सामान विकतात. धंदा गेला, नाव मात्र राहिले! पासोड्या विठोबासमोर पूर्वी पासोड्या विकायला बसत, म्हणून त्या देवाचे नाव तसे पडले, असे सांगतात. आहे की नाही गंमत? एक पाटी वाचली की शंभर-दोनशे वर्षांमागचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो.

तसेच जुने हौद पाहा. सुमारे 1750 साली, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालून बांधलेल्या वाटेने पुण्यात आणले. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हता. मग पाणी कसे येई? कात्रज उंचावर आहे आणि शहर सखल भागात. उताराच्या जोरावरच पाणी वाहत येई. वाटेत हवा खेळावी म्हणून 'उच्छ्वास' बांधलेले होते. असे आलेले पाणी पेठांतल्या हौदांत पडे आणि लोक घागरी भरून नेत.

पण घागर भरायची मुभा सगळ्यांना होती का? नव्हती. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पाण्यासाठी तिष्ठावे लागे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. ज्या पेठेत ते राहत, तिला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. बुधवार पेठेत फरासखान्यापाशी बाहुलीचा हौद आहे. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी तो आपल्या लहानपणीच वारलेल्या लेकीच्या आठवणीसाठी बांधला. मुलीला शिकवू नये असा नातलगांचा आग्रह होता. तो न मानता त्यांनी तिला शिकवले होते. त्या हौदाजवळून रोज कितीतरी माणसे जातात. थांबतात किती?

आणि थांबायला उशीर करून चालत नाही. भिडेवाड्याचेच पाहा. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली. तो वाडा फार मोडकळीस आला होता. तिथे स्मारक करायचे ठरले आणि 2023 साली वाडा पाडण्यात आला. ज्यांनी तो नीट पाहून ठेवला होता, ते आज मुलाबाळांना सांगू शकतात. बाकीच्यांना चित्रावरच भागवावे लागते.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, हे शहराचे झाले. आमच्या खेड्यात काय आहे?" अहो, पुष्कळ आहे! गावाची वेस आहे, चावडी आहे, पार आहे, जुना आड आहे. आडाच्या दगडावर काही कोरले असेल तर ते वाचा. शेतांना आणि पांदींना नावे असतात, ती का पडली ते विचारा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना, दारात तांदूळ निवडणाऱ्या आजींना विचारा. त्या आनंदाने सांगतील. त्यांच्याजवळचे हे ज्ञान कोणत्या पुस्तकात छापलेले नाही. कोणी विचारले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

तर या आठवड्यात एवढे करा. अर्धा तास बिनकामाचे फिरा. आजवर न वाचलेल्या पाच पाट्या वाचा. एका वडीलधाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा. घरी येऊन जे कळले ते वहीत पाच ओळींत लिहा. अक्षर वाकडेतिकडे आले तरी हरकत नाही. पण खाली तारीख घाला. पुढे नातवंडांनी ती वही उघडली, तर आपला गाव कसा होता हे त्यांना आजोबांच्या किंवा आजीच्या अक्षरात वाचायला मिळेल.