सहा मिनिटांच्या बाई

'काहीच नाही जमलं तर बी.एड. करेन,' असं कॉलेजच्या कट्ट्यावर आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलंय. पण बारावीनंतर कुणी पहिल्याच फटक्यात 'मला टीचरच व्हायचंय' म्हणालं तर?

रविवारी सकाळी साडेआठला मामीचा फोन. (रविवारी साडेआठ म्हणजे माझी मध्यरात्र!) 'अगं, तूच समजाव बाई तिला. तुझं ऐकते ती.'

'ती' म्हणजे माझी धाकटी मामेबहीण. बारावी आर्ट्सला ८४ टक्के. घरच्यांच्या डोक्यात लॉ होतं, गेलाबाजार बीबीए. आणि हिनं परस्पर चार वर्षांच्या इंटिग्रेटेड बी.ए.-बी.एड.ची तयारी सुरू केलेली. 'अगं, बी.एड.ला कुणी आपणहून जातं का?' मामी रडकुंडीला आली होती. 'तू तिला ते पॅकेज-बिकेज काय असतं ते नीट सांग.'

आता पॅकेजबद्दल एका फ्रीलान्सरनं सांगायचं, हा विनोद मामीच्या लक्षात आला नाही. पण खरं सांगते, मलाही मामीचंच पटलं होतं. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बारावीनंतर डी.एड. करून विशी-बाविशीत नोकरीला लागली. डायनिंग टेबलवर पाठ टाचणांच्या वह्या आणि तपासायचे पेपर बघतच मी मोठी झाले, आणि दहावीतच ठरवून टाकलं, काहीही होईन पण हे नाही. मास कॉमला अॅडमिशन घेतली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

धाकटीनं माझं लेक्चर पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, 'ताई, आधी एक दिवस कॉलेज बघायला चल. मग समजाव.'

स्कूटर नव्हे, चेतक!

तर अशी मी एका मंगळवारी शहरातल्या एका अध्यापक महाविद्यालयात पोचले. धाकटीच्या ओळखीची एक सीनियर तिथं शिकते, आणि तिथल्या मॅडमनी आम्हा दोघींना वर्गात बसायची परवानगी दिली होती.

माझी कल्पना काय, तर कुणीतरी 'शिक्षणाचे तत्त्वज्ञान' डिक्टेट करतंय आणि मागच्या बाकावर व्हॉट्सअॅप चाललंय. प्रत्यक्षात खोलीत दहाच मुलं. एकजण फळ्यापाशी, आठजण सातवीतले विद्यार्थी बनून बसलेले, आणि मागं एकजण हातात तक्ता आणि पेन्सिल घेऊन. याला म्हणतात सूक्ष्म अध्यापन, म्हणजेच मायक्रोटीचिंग. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. आपल्याकडे सत्तरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तिच्यावर बरंच काम झालं.

फंडा सोपा आहे. शिकवणं ही एक भलीमोठी गोष्ट न मानता तिचे तुकडे करायचे आणि एका वेळी एकच तुकडा घोटायचा. सुरुवात कशी करायची, हे एक कौशल्य. फळ्यावर लिहिणं दुसरं. प्रश्न विचारणं तिसरं. मुलाच्या उत्तराला दाद देणं, म्हणजे प्रबलन, हे आणखी एक. 'आज चेतक बदल आहे,' असं एकजण म्हणाला तेव्हा मला वाटलं पार्किंगमधली स्कूटर हलवायचीय! तर चेतक बदल म्हणजे आवाज, हालचाल, हावभाव बदलत राहणं, जेणेकरून पोरांचं लक्ष उडणार नाही.

टाइमटेबल घड्याळावर बांधलेलं असतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चुका ऐकायच्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा ऐकून घ्यायचं. एकूण ३६ मिनिटं. आपल्या अप्रेझलला वर्षातून एकदा जे होतं, ते इथं अर्ध्या तासात दोनदा होतं. तेही सगळ्यांसमोर.

आणि मग माझा नंबर

'तुम्ही पत्रकार ना? मग बातमीवर एक पाठ घ्या की,' मॅडम हसत म्हणाल्या. कौशल्य दिलं, प्रश्न विचारण्याचं. मनात म्हटलं, मुलाखती घेऊन पोट भरते मी. प्रश्न तर माझा धंदाच आहे!

विषय घेतला, 'बातमी आणि मत यांतला फरक'. सहा मिनिटं जाम बोलले. किस्से सांगितले, पोरं हसली. सॉलिड झालं असं वाटत असतानाच मागची एकोणीस वर्षांची मुलगी तक्ता घेऊन उभी राहिली.

'ताई, तुम्ही चौदा प्रश्न विचारलेत. त्यातले नऊ "कळलं ना?" होते. तो प्रश्न धरत नाहीत, कारण मुलं हो म्हणतातच. चार प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत.'

'आणि उरलेला एक?'

'तो चांगला होता. पण तुम्ही उत्तरासाठी थांबलाच नाहीत.'

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मॅडमनी मग सांगितलं, की ही फक्त माझी खोड नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं सत्तरच्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारीही बोलायला लागतात.

दुसऱ्या फेरीत मी फळ्यावर फक्त दोन वाक्यं लिहिली. 'काल आपली टीम हरली' आणि 'काल आपली टीम फालतू खेळली'. विचारलं, 'यातलं कुठलं वाक्य खरं की खोटं, हे तपासता येईल?' आणि थांबले. तीन सेकंदं किती लांब असतात हे सांगून कळणार नाही. मीटिंगमध्ये बॉसच्या प्रश्नानंतर पसरते तसली शांतता! मग तिसऱ्या रांगेतला, सातवीतला झालेला मुलगा म्हणाला, 'पण बाई, सगळ्यांनाच ती फालतू खेळली असं वाटलं, तर मग ती बातमी होईल ना?'

सहा वर्षं या धंद्यात आहे. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आणि मास कॉमच्या सगळ्या कोर्समध्ये माझ्या मागं बसून माझे प्रश्न कुणी कधी मोजले नव्हते, हेही तेव्हाच लक्षात आलं.

डिग्रीनंतरची रांग

इथवर सगळं भारी. पण मी समजवायला आले होते, तेव्हा कँटीनमध्ये चहा घेत हिशोबाला बसले.

चार वर्षांचा कोर्स ही काही नवी टूम नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांत असे कोर्स १९६० च्या दशकापासून आहेत. दिल्ली विद्यापीठानं १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांची बी.एल.एड. ही पदवी सुरू केली. नवीन आहे तो देशपातळीवरचा आग्रह. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय, की २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठीची किमान पदवी चार वर्षांची इंटिग्रेटेड बी.एड. असावी. त्यानुसार आयटेप नावाचा कोर्स २०२३-२४ मध्ये निवडक संस्थांत सुरू झाला. पदवी तीन वर्षं आणि वर बी.एड. दोन वर्षं, या नेहमीच्या रस्त्यापेक्षा एक वर्ष वाचतं. शिवाय हातात बी.ए. असतंच, म्हणजे पुढं मन बदललं तरी एम.ए.चं दार उघडं.

पण डिग्री म्हणजे नोकरी नव्हे. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी पास हवी. १५० मार्कांची परीक्षा, पास व्हायला खुल्या गटाला ६० टक्के. सर्टिफिकेट पूर्वी सात वर्षांत बाद व्हायचं, २०२१ पासून ते आयुष्यभरासाठी झालं. आपल्याकडे त्यानंतर येते टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास. तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टलमधून भरती होते. गंमत म्हणजे ही टेट २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये! मधल्या काळात डिग्री घेऊन बाहेर पडलेल्यांनी काय केलं असेल? त्यातच २०२१ मध्ये टीईटीचा घोटाळा उघड झाला. पैसे देऊन मार्क वाढवून घेणारे हजारो उमेदवार निघाले, आणि प्रामाणिकपणे पास झालेल्यांकडेही लोक संशयानं बघायला लागले.

एवढं करून निवड झाली, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकचं मानधन पूर्वी महिन्याला ६ हजार होतं, जानेवारी २०२३ पासून १६ हजार झालं. नियमित वेतनश्रेणी त्यानंतर.

हे सगळं मी धाकटीला एका टिश्यू पेपरवर लिहून दाखवलं. तिनं शांतपणे वाचलं. 'मला माहितीये ताई. मी हे फॉर्म भरायच्या आधीच काढलं होतं. पण मामला एवढाच असेल, तर चुकतंय कोण? हे शिकणारी मी, की १६ हजार देणारे?'

मी उत्तरासाठी तोंड उघडलं. मग थांबले. तीन सेकंदं. सहा सेकंदं. उत्तर आलंच नाही.

आईचा अभ्यास

घरी आलो तर आई डायनिंग टेबलवर. समोर टीईटीचं गाइड. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. आईची सहा वर्षं बाकी होती. तीस वर्षं शिकवून झाल्यावर पुन्हा परीक्षा! आधी ती चिडली, मग दोन दिवस रडली, मग गाइड घेऊन आली.

धाकटी तिच्याशेजारी बसली. 'आत्या, बालमानसशास्त्र मी घेते तुझं. तू मला गणित शिकव.'

आईनं वही पुढं ओढली, अपूर्णांकांचं एक गणित घातलं आणि विचारलं, 'यातला मोठा कुठला, आणि कशावरून?' मग पेन खाली ठेवून गप्प बसली. मी दारातून मोजत होते. एक. दोन. तीन. चार. डी.एड.ला तिला हे कुणी शिकवलं होतं की तीस वर्षांत आपोआप आलं, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

रात्री मामीचा फोन. 'समजावलंस का गं?'

'हो मामी. आकडे सगळे सांगितले, एकही लपवला नाही. तिला ते आधीच पाठ होते.'

'मग?'

'मग काय, ती जातेय. आणि मामी, तुम्ही पण एक दिवस चला ना तिथं. सहाच मिनिटं लागतात.'

तुमच्याही डोक्यात किडा वळवळतोय?

लॅपटॉप मिटून वर्गात उभं राहावंसं वाटत असेल, तर पदवीधरांसाठी दोन वर्षांचं बी.एड. आहे. पदवीला किमान ५० टक्के हवेत (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि सीईटी द्यावी लागते. २०१५ मध्ये हा कोर्स एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला, तेव्हापासून त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. मात्र एक लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२३ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीला शिकवायला नुसतं बी.एड. चालत नाही. त्यासाठी डी.एल.एड.सारखा प्राथमिकचा कोर्स लागतो. छोट्यांना शिकवणं सोपं असतं, हा गैरसमज कोर्टानंच मोडीत काढलाय!