खांबावर चढण्याआधीची पाच मिनिटे

वादळी पावसात झाडाची फांदी तारांवर कोसळते, परिसर अंधारात बुडतो आणि वीज कार्यालयातील दूरध्वनी खणखणू लागतो. ‘वीज कधी येणार?’ या एकाच प्रश्नाचा भडिमार सुरू असताना कुणीतरी भर पावसात खांबाकडे निघालेला असतो. चढण्यापूर्वीची पाच-दहा मिनिटे तो कशी घालवतो, यावर तो सुखरूप खाली उतरणार की नाही हे बरेचसे ठरते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत्यू होतात. त्यांत शेतकरी असतात, घरातील माणसे असतात आणि विजेशी रोजचा व्यवहार असलेले वायरमन व लाईनमनही असतात. कामात मुरलेल्या माणसांनाही वीज का गाठते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

साठ वॉटच्या साध्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या विसाव्या हिश्श्याइतका, म्हणजे दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला तरी स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते. धक्का बसल्यानंतर ज्ञान वापरायला अवधीच उरत नाही. जे करायचे ते आधी करावे लागते.

वीजवाहिनीवर काम करण्यापूर्वी उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून ‘परमिट’ घ्यायचे, वाहिनी बंद करून स्विचला कुलूप घालायचे, टेस्टरने प्रत्येक तार तपासायची आणि मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडायच्या, असा हा क्रम आहे. रॉडचे टोक आधी जमिनीला आणि नंतर तारेला जोडायचे. काढताना नेमके उलट. चुकून वाहिनी सुरू झालीच, तर प्रवाह माणसाऐवजी जमिनीकडे धाव घेतो आणि उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणा वाहिनी बंद पाडते. परमिट ज्याने घेतले त्यानेच ते परत करायचे. ‘अर्ध्या तासाने लाईन सोडा’ असा तोंडी करार हा या क्षेत्रातील अत्यंत घातक प्रकार होय.

स्विच बंद केल्यावर एवढा खटाटोप कशासाठी, असे सामान्य वाचकाला वाटेल. परंतु स्विचचे हँडल खाली आले म्हणजे तिन्ही फेजच्या पात्या उघडल्याच असे नव्हे. गंजलेली एखादी पात तशीच चिकटून राहते. एकाच खांबावरून दोन वाहिन्या जात असतील, तर परमिट एकीचे आणि हात दुसरीला, असेही घडू शकते. तिसरा धोका तर थेट आपल्या इमारतीतून येतो. वीज गेल्यावर सुरू केलेला जनरेटर योग्य चेंजओव्हर स्विचविना जोडलेला असेल, तर त्याची वीज उलटी रोहित्राकडे जाते. अकरा हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे तेच रोहित्र मग उलट काम करते आणि बंद समजल्या जाणाऱ्या उच्चदाब तारेवर हजारो व्होल्ट चढू शकतात. उपकेंद्रात सारे नियमानुसार बंद असते, आणि खांबावरचा माणूस मात्र जिवंत तारेला हात घालतो.

ही माहिती गुप्त नाही. आयटीआयमधील वीजतंत्री व तारतंत्री या अभ्यासक्रमांची सुरुवातच सुरक्षा आणि प्रथमोपचार यांपासून होते. अडचण पुढे येते. वर्षानुवर्षे तपासलेली तार मृतच निघाली, की तपासणी हा वेळेचा अपव्यय वाटू लागतो. नवशिका घाबरून टेस्टर लावतो. वीस वर्षांचा अनुभवी मात्र नुसत्या नजरेवर विसंबतो. म्हणूनच एकदा घेतलेले प्रशिक्षण पुरत नाही. प्रत्यक्ष खांबावर, प्रत्यक्ष साधनांनिशी त्याची उजळणी व्हावी लागते, इतकी की घाईतही हात आपोआप रॉडकडे जावा. सुरक्षा सप्ताहातील भाषणे आणि फलक यांनी हे साधत नाही. शिवाय जे शिकवले ते करण्याइतका वेळ वरिष्ठांनी दिला नाही, तर शिकवण्यालाही अर्थ उरत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात आणखी एक माणूस या चित्रात आहे. त्याला ‘झिरो वायरमन’ म्हणतात. कोणत्याही हजेरीपटावर त्याचे नाव नसते. नियमित कर्मचाऱ्याच्या हाताखाली, चार पैशांसाठी, तो खांबावर चढतो. त्याच्याकडे ना परवाना, ना हातमोजे. अपघात झाल्यास तो तेथे कसा आला, याचे उत्तर द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. वस्तुतः १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३६ व्या नियमाने, जिवंत वाहिनीवर काम करणाराच नव्हे तर त्याला मदत करणाराही अधिकृत असला पाहिजे, असे बजावले होते. त्या नियमांची जागा पुढे २०१० आणि त्यानंतर २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली.

प्रशिक्षणाचा एक भाग खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्यासाठीही असतो. जोडीदार चिकटलेला दिसताच त्याला ओढण्याची स्वाभाविक ऊर्मी आवरून आधी पुरवठा तोडायचा. त्याला उतरवल्यावर श्वास व नाडी नसेल तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबत राहायचे. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास अवघ्या काही मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. रुग्णवाहिका तेवढ्या वेळात क्वचितच पोहोचते.

शहरी ग्राहकाच्या हाती यातले एक काम आहे. सोसायटीचा जनरेटर परवानाधारक ठेकेदाराकडून जोडून घेतला आहे का आणि चेंजओव्हर स्विच सुरू असताना बाहेरची वाहिनी पूर्णतः तुटते का, हे तपासून घेता येते. वीज जाळ्याला जोडलेला छतावरील सौर संच बाहेरची वीज जाताच आपोआप बंद होणारा असावा लागतो. जनरेटरला मात्र ही अक्कल नसते. ती चेंजओव्हर स्विचनेच पुरवावी लागते.