समुद्र म्हणजे आपली विहीर नव्हे

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत तिघी-चौघींनी मला एकच विचारलं, "अंदमानला जाऊन आलीस, मग आम्हालाही सांग की. कसं जायचं, काय न्यायचं, पोराबाळांना घेऊन जावं का?" म्हणून आज त्याबद्दलच बोलते. पण सहलीच्या गमतीच्या आधी आमच्यावर आलेला एक प्रसंग सांगणार आहे. तो ऐकून एका घरचं माणूस जरी वाचलं, तरी या बोलण्याचं चीज झालं.

आधी पैशाचं. गटाचं कर्ज काढून सहलीला जाऊ नका. आम्ही दोन्ही भावांच्या घरांतून महिन्याला 3,000 रुपये वेगळे टाकले, सव्वातीन वर्षं. सव्वादोन लाखांच्या वर जमले, तेव्हा सासूबाई धरून सातजण निघालो. गेलो जानेवारीत. अंदमानात पाऊस दोन्ही बाजूंनी येतो. मे महिन्यात सुरू झालेला पाऊस डिसेंबरपर्यंत अधूनमधून असतोच. त्यामुळे जानेवारी ते एप्रिल हे महिने बरे.

अंदमान-निकोबार मिळून पाचशेच्या वर बेटं आहेत, पण माणसांची वस्ती चाळीसहून कमी बेटांवर. मुख्य गाव पोर्ट ब्लेअर. 2024 साली त्याचं नाव श्री विजयपुरम झालं. चेन्नईपासून समुद्रानं ते सुमारे 1,200 किलोमीटर लांब. जहाजानं जायला अडीच-तीन दिवस लागतात, विमानानं दोन-सव्वादोन तास. तिथून पुढं स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, बोटीनं गाठायचं. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि थोडी रोकड ठेवा. लहान बेटांवर फोनची रेंज आणि एटीएम यांचा भरवसा धरू नका. बोट लागत असेल तर भरल्या पोटी चढू नका, मधल्या भागात बसा, नजर लांब क्षितिजावर ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, बोटीत चढायच्या आधी घ्या.

आणखी एक गंमत. आपलं आणि अंदमानचं घड्याळ एकच, पण ते आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला. त्यामुळे तिथं सूर्य आपल्याकडच्या सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही लवकर. जानेवारीत साडेपाचच्या आत अंधारायला लागतं. फिरणं सकाळी उरकायचं, हे पहिल्याच दिवशी कळलं.

आता तो प्रसंग. माझे धाकटे दीर गावात पट्टीचे पोहणारे. विहिरीच्या काठावरून सूर मारणार, तळातला दगड काढून आणणार. स्वराज द्वीपच्या किनाऱ्यावर दोन्हीकडं लाटा फुटत होत्या, मधे एक पट्टा मात्र शांत दिसत होता. फेस नाही, लाट नाही, पाणी जरा गडद. दीर म्हणाले, "पोरांना इथं आणू, इथं लाटा नाहीत." आधी स्वतः उतरले, आणि बघता बघता लांब गेले. परत यायला हात मारतायत, मारतायत, पण जागचे हलत नाहीत. सासूबाई वाळूत उभ्या राहून नावानं हाका मारायला लागल्या. मुलं रडायला लागली. माझे मालक उडी मारायला धावले, तेवढ्यात जीवरक्षकानं शिट्टी वाजवून त्यांना अडवलं, तरंगणारं कडं घेतलं आणि स्वतः गेला. दीर बाहेर आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, इतके दमले होते.

मग त्या पोरानं वाळूवर बोटानं रेघा ओढून आम्हाला समजावलं. तेच तुम्हाला आपल्या शेतातल्या भाषेत सांगते. वाफ्यात पाणी सोडलं आणि ते जास्त झालं की काय होतं? जिथं बांध कच्चा असतो तिथून ते फुटतं आणि जोरात पळतं. समुद्राचंही तसंच. लाटा पाणी किनाऱ्याकडं आणून ओततात. त्या पाण्याला परत जावं लागतं. वाळूत जिथं खोलगट वाट सापडते, तिथून ते ओहोळासारखं आत धावतं. त्या वाटेवर लाट नीट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. आपण फसतो ते तिथंच. विहिरीतलं पाणी उभं असतं, समुद्राचं चालतं. विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रातही जमेल, असं समजू नका.

अशा ओढीत कुणी सापडलं तर काय करायचं? किनाऱ्याच्या दिशेनं सरळ पोहायचं नाही. ओढ आपल्यापेक्षा ताकदवान असते आणि माणूस ओढीनं नव्हे, दमून बुडतो. ती माणसाला खाली खेचत नाही, आत नेते, एवढं ध्यानात ठेवा. म्हणून घाबरायचं नाही, पाठीवर तरंगायचं आणि हात वर करून मदत मागायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. ओहोळाची रुंदी फार नसते, त्यातून बाजूला झालं की मग तिरकं किनाऱ्याकडं यायचं.

काठावरच्या माणसानं उडी घ्यायची नाही. एकाला काढायला गेलेले दोघं-तिघं बुडतात, हे आपण शेततळ्यावरही पाहिलंय. रिकामा कॅन, दोर, तरंगेल ते काहीही फेकायचं आणि जीवरक्षकाला बोलवायचं. पोहता न येणाऱ्यानं गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. मुलं हाताच्या अंतरावर हवीत. "लक्ष आहे" म्हणणाऱ्याच्या हातात मोबाईल नको. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही नाही. अंदमानात काही किनाऱ्यांवर मगरींच्या सूचनेच्या पाट्या आहेत. त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिलं. आपण त्याला पोवळं म्हणतो आणि दगड समजतो. खरं तर ती इवल्या जिवांची वस्ती असते. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि जिवाला देतं. रंगही त्यामुळेच. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपासमारीनं मरू शकतं. अंदमानात 1998 आणि 2010 साली असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम बोटाच्या पेराएवढंही वाढत नाही. म्हणजे आपण एक पाय दिला की कित्येक वर्षांची वाढ मोडते. त्यावर उभं राहू नका. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नका, कायद्यानं तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. माझ्या मुलीनं उचललेला तुकडा आम्ही तिथंच ठेवायला लावला. रडली, पण ठेवला.

सेल्युलर जेलही पाहिलं. 1906 साली ते बांधून पूर्ण झालं. प्रत्येक कैद्याला वेगळी कोठडी, म्हणून ते नाव. सातपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीसमोर मराठी माणसं हमखास भेटतात. आम्हालाही सांगलीकडचं एक कुटुंब भेटलं.

एवढ्या लांब जाणं सगळ्यांना जमणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बेटावरच आहे, होडीनं जाता येतं. तिथल्या समुद्रातही प्रवाळ आहे. पाण्याची ओढ मात्र तिथंही तशीच असते, म्हणून मी आज सांगितलेलं सगळं कोकणात जातानाही उपयोगी पडेल.

शेवटी सासूबाईंचं सांगते. सहाव्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या वाळूवर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन बावन्न वर्षं झाली. सलग सहा दिवस चूल न पेटवता मी पहिल्यांदाच जेवले." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि पोरगं परत मिळालं ते वेगळंच." गेल्या गणपतीत त्याच दिरांनी वाड्यातल्या पोरांना गोळा केलं आणि तळ्याकाठी उभं राहून तरंगायला शिकवलं. पोहायला शिकवण्याआधी तरंगायला. तुमच्या गावातही कुणी शिकवणारं असेल, तर या उन्हाळ्यात मुलांबरोबर मुलींनाही पाठवा, आणि जमलं तर आपणही उतरूया.