गाणं विकत घ्या, फाईल आपली!

‘यूट्यूबवर फुकट आहे की! विकत कशाला घ्यायचं?’ गाण्याला पैसे मोजतोय म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर एकच: फाईल आपली होते. नेट असो-नसो, महिन्याची वर्गणी भरा-न भरा, गाणं आपल्याकडेच राहतं. म्हणूनच बॅण्डकॅम्प हे २००८ पासूनचं दुकान मी नुकतंच वापरून पाहिलं, आणि त्या नादात या बाजाराच्या कितीतरी गमती हाती लागल्या.

सुरुवात १९९४ ची. एरोस्मिथ या अमेरिकन बॅण्डने ‘हेड फर्स्ट’ हे गाणं कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर चक्क फुकट ठेवलं. एकच गाणं, पण तेव्हाच्या मोडेमवर ते उतरवायला तासाहून जास्त वेळ लागायचा! पुढच्याच वर्षी, जुलै १९९५ मध्ये, जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने आवाजाची फाईल दाबून लहान करणाऱ्या आपल्या तंत्राच्या फाईलींसाठी ‘.एमपीथ्री’ हे शेपूट ठरवलं. या तंत्राची परीक्षा घेणारी गायिका कोण? सुझान वेगा! तिच्या ‘टॉम्स डायनर’मध्ये साथीला एकही वाद्य नाही. नुसत्या आवाजात बारीकसा दोषही लगेच कानाला खटकतो, म्हणून संशोधक तेच गाणं पुन्हापुन्हा ऐकत बसले.

२८ एप्रिल २००३ ला ॲपलचं आयट्यून्स स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट, आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाखांची विक्री. बीटल्स मात्र २०१० च्या नोव्हेंबरपर्यंत तिथे आलेच नाहीत. त्याच वर्षी या दुकानात विकलं गेलेलं एक हजार कोटीवं गाणं होतं जॉनी कॅशचं, १९५८ सालचं!

पण सगळंच गोड नव्हतं. सुरुवातीला बहुतेक दुकानं फाईलला डिजिटल कुलूप घालायची. २००८ मध्ये याहूने आपलं म्युझिक स्टोअर गुंडाळलं, तेव्हा त्या कुलपाच्या चाव्या देणारे सर्व्हरही बंद करायचं जाहीर केलं. रीतसर पैसे भरलेले ग्राहकच अडकले. ही गोष्ट मला अजूनही अन्यायाची वाटते. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे गाण्यांचं दुकान थाटलं आणि २०१३ मध्ये आवरलंसुद्धा.

बॅण्डकॅम्पवर कुलूप नाही. बहुतेक गाणी आधी पूर्ण ऐकता येतात, मग घ्यायचं की नाही ते ठरवा. पैसे भरले की फॉरमॅटची यादी उघडते: एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह वगैरे. इथे जरा थांबा. चार मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण साडेनऊ एमबी भरतं, सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये चाळीसच्या वर. फ्लॅकची फाईल वेव्हपेक्षा बरीच लहान, पण आवाजातला कणही गळत नाही. तानपुऱ्याचा झंकार ऐकायचा असेल तर माझं मत फ्लॅकलाच.

आणि कलाकाराला काय मिळतं? डिजिटल विक्रीवर दुकानाचा वाटा साधारण १५ टक्के. करोनाच्या काळात, २० मार्च २०२० ला, तोही सोडून देणारा ‘बॅण्डकॅम्प फ्रायडे’ सुरू झाला. त्या एका दिवसात रसिकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली.

तेव्हा आवडत्या कलाकाराचा एक तरी अल्बम विकत घ्या, आणि घेतल्या दिवशीच डाऊनलोड करून हार्डडिस्कवर त्याची एक जादा प्रत ठेवा.