रस्त्याची रुंदी आणि नगराचे आरोग्य

रस्ता म्हणजे वाहनांच्या जाण्यायेण्याची सोय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः रस्त्याची आखणी कशी होते, यावर त्याच्या काठी राहणाऱ्यांचे आरोग्य आणि प्राणही अवलंबून असतात. इंदूर नगराला हा धडा शतकापूर्वीच मिळाला होता.

स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरची पाहणी केली. तिचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी प्लेग व हिवताप यांनी शहर गांजले होते. दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढले की रोगराई हटेल, असा तेव्हाच्या नगररचनेचा रूढ विचार होता. परंतु ज्यांची घरे पाडावयाची, त्या कुटुंबांनी जावे कोठे? ती आसपासच्या घरांत दाटीने राहू लागतात आणि रोग तेथे फोफावतो, हे गेडिस यांनी ओळखले. म्हणून त्यांनी जपून करावयाच्या शस्त्रक्रियेचा मार्ग सुचविला: मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, बोळ मोकळे करावेत, लहान चौक साधून झाडे लावावीत आणि नांदती घरे राखावीत.

हा विचार लोकांच्या गळी उतरावा म्हणून दिवाळीत मिरवणूक योजण्यात आली. ज्या रस्त्यांवरील रहिवासी आपली घरे अधिकाधिक झाडून दुरुस्त करतील, त्यांवरूनच ती जाईल, असे जाहीर झाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. अखेरीस तिचे दहन झाले.

प्लेगचे ते थैमान सरले, रुंदीचा मोह मात्र राहिला. आज भय आहे ते वेगाचे. रुंद व सरळ रस्त्यावर चालकाचा वेग आपोआप वाढतो आणि वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली. त्यांत निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार होते. जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे ही संघटना सांगते.

केवळ पाटी लावून वेग आवरत नाही. वाहनांचा पट्टा आटोपशीर, पदपथ प्रशस्त व सावलीचा, ओलांडण्याची जागा किंचित उंच, अशी आखणी असली म्हणजे चालक आपोआप सावध होतो. शाळकरी मूल आणि वृद्ध आजी निर्धास्तपणे ओलांडू शकतील, तोच रस्ता नगराच्या हिताचा होय.