सभेच्या वहीतले पूर्वज



गेल्या वर्षी नातीला शाळेत वंशवृक्ष करायचा होता. आमच्या बाजूची नावे मी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून कधीच उतरवून घेतली होती. अडले ते तिच्या आईच्या बाजूला. सूनबाई अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची, पूर्वज क्वेकर. त्यांच्यात बाप्तिस्मा नाही, म्हणून चर्चचे रजिस्टर नाही. जुन्या कबरींवर बहुधा नावाचा दगडही नाही, कारण तो त्यांना डामडौल वाटे. त्यात घरात एक कुजबुज होती, की एका पूर्वजाला समाजाने काढून टाकले होते, काहीतरी पैशांची भानगड असावी. त्या माणसाचे नाव काढायलाही कोणी तयार नव्हते.

क्वेकर म्हणजे कोण, ते आधी सांगतो. १६५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती जमलेला हा ख्रिस्ती पंथ. पगारी पाद्री नाही, शांत बसून उपासना, शपथ घ्यायची नाही आणि शस्त्र धरायचे नाही. मी उभी हयात फौजेत काढली, त्यामुळे शेवटचा नियम वाचून जरा थबकलो.

पाद्री नाही म्हटल्यावर कारभार सभासदांनीच चालवायचा. त्यासाठी दर महिन्याला सभा भरे, तिला मंथली मीटिंग म्हणतात. आसपासची तीन-चार उपासनास्थळे मिळून अशी एक सभा. जन्म, मृत्यू, लग्न आणि सभेचा वृत्तांत, सगळे तिच्या वहीत. म्हणून पहिला प्रश्न "गाव कोणते?" हा नाही, "मासिक सभा कोणती?" हा आहे. बायकांची सभा वेगळी भरे आणि तिची वहीही वेगळी असे, तीही पाहा.

लग्न करायचे तर जोडप्याने दोन सभांमध्ये तसे जाहीर करायचे. दरम्यान सभेने नेमलेली माणसे चौकशी करत, की आधी कुठे वचन दिलेले नाही ना. लग्नाच्या दिवशी हजर असलेले सगळे दाखल्यावर सही करत. एका कागदावर काका, मावश्या, शेजारी सगळे सापडतात.

कुटुंब दुसरीकडे निघाले की जुनी सभा नव्या सभेला दाखला देई. आपल्या युनिटमधून बदली झाली की कागद सोबत जातात, तसेच. गुलामगिरीला कंटाळून १८०० च्या आसपास दक्षिणेतली पुष्कळ क्वेकर कुटुंबे ओहायो आणि इंडियानात गेली. हे दाखले धरून त्यांचा माग उलटा काढत जाता येतो.

तारखांत मात्र फसू नका. महिन्यांची नावे मूर्तिपूजकांच्या देवांवरून पडली, म्हणून क्वेकर फक्त आकडे लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च होता. म्हणजे १७४० च्या दुसऱ्या महिन्याची १० तारीख ही १० एप्रिल होते, फेब्रुवारी नव्हे. आणि १७४० चा बारावा महिना म्हणजे आपल्या हिशेबाने १७४१ चा फेब्रुवारी. १७५२ पासून पहिला महिना जानेवारी झाला.

आता त्या काढून टाकलेल्या माणसाकडे येतो. विल्यम वेड हिनशॉ यांनी अमेरिकेतल्या अनेक सभांच्या नोंदींचे सार कित्येक खंडांत काढून ठेवले आहे, पहिला खंड १९३६ चा. त्यात आमच्या माणसापुढे तीन अक्षरांची खूण होती, अर्थ "सभेतून नाव कमी केले". कुजबुज खरी ठरली, असे सूनबाईला वाटले. मी म्हटले, सारांशावर निकाल देऊ नकोस, मूळ कागद पाहू.

मूळ वृत्तांत १७७६ सालचे. एका महिन्यात नोंद, की हा तरुण हत्यार घेऊन कवायतीला गेला. त्याला समजवायला दोन जण नेमले. पुढच्या महिन्यात, ते भेटले, त्याला पश्चात्ताप नाही, पुन्हा भेटावे. असे कित्येक महिने चालले. शेवटी नाव कमी केले. पैशांचा शब्दही कुठे नाही.

मी कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर बसलो आहे. निकालाची घाई काय असते ते मला माहीत आहे. या लोकांना घाई नव्हती. नाव कमी झाल्यावरही उपासनेला येऊन बसायला मनाई नव्हती. चूक लेखी कबूल केली तर परत घेतही. आमच्या माणसाने ती केली नाही.

उलटही घडते. वॉशिंग्टन यांचे सेनानी नॅथॅनेल ग्रीन हे ऱ्होड आयलंडच्या क्वेकर घरातले. कवायत पाहायला गेले म्हणून सभेने दूर केले, अशी गोष्ट सांगतात. १७७३ च्या नोंदीत कवायतीचा उल्लेखच नाही. काही काम नसताना कनेक्टिकटमधल्या एका सार्वजनिक जागी गेले, एवढाच ठपका आहे. घरातली गोष्ट असो की पुस्तकातली, वहीशी ताडून पाहिल्याशिवाय धरू नये.

वह्या कुठे मिळतील? पेनसिल्व्हेनियाच्या बाजूच्या स्वार्थमोर आणि हॅवरफोर्ड कॉलेजांत, नॉर्थ कॅरोलिनाच्या गिलफर्ड कॉलेजात. पुष्कळशा पानांची छायाचित्रे अ‍ॅन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. इंग्लंडमधली जुनी रजिस्टरे क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि त्यांची सूची लंडनच्या फ्रेंड्स हाऊस ग्रंथालयात. एक लक्षात ठेवा, अमेरिकेत १८२७ ला पंथात फूट पडली. त्यानंतर एकाच नावाच्या दोन सभा सापडल्या तर दोन्हींच्या वह्या पाहा.

नातीने वंशवृक्षात त्या माणसाचे नाव लिहिले. शेजारी काय लिहू, म्हणून विचारत होती. मी सांगितले, वहीत आहे तेवढेच लिही. हत्यार घेतले म्हणून सभेतून नाव कमी झाले. ज्यांनी कमी केले, तेही तुझेच पूर्वज आहेत.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.